पूजेला बसलेला कॉम्प्युटर

सोलापुरात कुणाच्या घरचं इंटरनेट बंद पडलं की पहिला दोष वायरला जातो, दुसरा कंपनीला आणि तिसरा घरातल्या सुनेला. या तिघांची झडती घेऊनही काही हाती लागलं नाही, की मग मला बोलावतात. तोवर घरातल्या प्रत्येकाने प्रत्येक बटण दाबलेलं असतं, प्रत्येक वायर उपसून पुन्हा खोचलेली असते, आणि मी दारात पाऊल टाकताच सगळी मंडळी एका सुरात सांगतात की आम्ही कशालाही हात लावलेला नाही.

माझा मूळ धंदा टायपिंगच्या क्लासचा. त्यामुळे पुढे मशीन बदललं तरी लोक मला मास्तरच म्हणत राहिले. टाइपरायटर भंगारात गेल्यावर मी कॉम्प्युटरची दुरुस्ती शिकलो आणि घरोघरी फिरायला लागलो. या फिरण्यात जे पाहिलं ते सांगितलं तर लोकांना थाप वाटते. मंद्रूपच्या एका बागायतदारांनी चोरीच्या भीतीने राउटर लोखंडी तिजोरीत ठेवून वर कुलूप घातलं होतं, आणि बाहेर रेंज का येत नाही म्हणून ते माझ्यावर चिडले होते. एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी उन्हाळ्यात राउटर तापतो म्हणून त्याच्यावर माठावर टाकतात तसं ओलं फडकं टाकलं होतं. वर मला म्हणाल्या, मुका जीव आहे, बोलत नाही म्हणून आपण लक्ष द्यायचं नाही का. श्रीपूरकडचे एक क्लार्क दरवर्षी गळीत हंगामात मला फोन करायचे. उसाच्या गाड्या रस्त्यावरून गेल्या की जमिनीतली केबल दबते आणि इंटरनेट बारीक धारेनं येतं, असं त्यांचं ठाम मत होतं. ते खोडून काढायचा प्रयत्न मी एकदाच केला आणि नंतर दर हंगामाला 'पट्टा पडला की सुधारेल' एवढंच सांगत राहिलो. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपून कारखाना बंद झाला, की ते खरंच सुधारायचं, म्हणजे निदान त्यांची तक्रार तरी थांबायची.

पण आज सांगायची आहे ती एका कार्डाच्या नावाची गोष्ट. बाहेरच्या माणसाला ती कळावी म्हणून धंद्यातली थोडी माहिती आधी देतो, फार नाही. कॉम्प्युटरच्या डब्यात एक छोटं कार्ड असतं. इंटरनेटची वायर त्यात खोचतात. कॉम्प्युटर चालू झाला की तो स्वतःच्या सोयीसाठी या कार्डाला एक नाव देतो. बहुतेकांना हे नाव जन्मात कधी दिसत नाही. पण लिनक्स म्हणून एक फुकटची व्यवस्था आहे, ती ज्यांच्या कॉम्प्युटरवर असते त्यांना ते दिसतं, आणि कधीकधी छळतंही.

पूर्वी ही नावं सुटसुटीत असायची. पहिलं कार्ड ईथ झिरो, दुसरं ईथ वन. सकाळी जो आधी जागा होईल तो झिरो. गोची अशी व्हायची की दोन कार्डं असली तर आज हा आधी उठायचा, उद्या तो, आणि एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडायचं. मग जाणत्या लोकांनी ठरवलं की नाव बसायच्या जागेवरून द्यायचं. तेव्हापासून कार्डाचं नाव झालं ईएनपी थ्री एस झिरो. दिसायला भयंकर, पण आहे साधंच. ईएन म्हणजे वायरचं कार्ड, पी थ्री म्हणजे तिसरी गल्ली आणि एस झिरो म्हणजे त्या गल्लीतलं शून्य नंबरचं घर. कार्ड जोवर त्या घरात राहतं तोवर त्याचं नाव बदलत नाही. चालत्या कार्डाला कुणी विनाकारण घर बदलायला लावणार नाही, एवढंच त्या जाणत्या लोकांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी आमचे अप्पा पाहिले नव्हते.

अप्पा म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक, गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण त्यांच्या हातातला फिटर काही निवृत्त झाला नाही. गिरणीत खंडेनवमीला माग खोलायचे, पुसायचे, तेल द्यायचे, पुन्हा जोडायचे आणि मग पूजा करायचे. अप्पांनी हा रिवाज घरात चालू ठेवला. शिलाई मशीन, मिक्सर, सायकल, पाण्याची मोटार, सगळं नवमीच्या सकाळी अंगणात सुटं होऊन पडायचं. यंत्र न खोलता वरवर हळदकुंकू लावणं म्हणजे आंघोळ न करता पावडर लावणं, असं ते म्हणायचे. त्यांचा मुलगा अमोल नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना आपला कॉम्प्युटर घरी ठेवून गेला, तेव्हा अंगणात आणखी एका यंत्राची भर पडली.

या कॉम्प्युटरवर अमोलनं लिनक्स घातलं होतं. तो जर्मनीला जायच्या आधी एकदा घराजवळ वीज पडली आणि डब्यातलं मूळ सॉकेट जळलं, म्हणून मी एक वेगळं कार्ड बसवून दिलं होतं. कंपनीनं दिलेला इंटरनेटचा पत्ता अमोलनं सेटिंगच्या फाइलीत ईएनपी थ्री एस झिरो या नावापुढे लिहून टाकला, आणि ते सुरळीत चाललं होतं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी नवा पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसलो होतो. अप्पांचा फोन आला. "मास्तर, नेट बंद हाय. दुपारच्याला बारसं हाय. या की जरा."

मी विचारलं, बारसं कुणाचं. म्हणाले, अमोलच्या पोरीचं. मी म्हटलं, अप्पा, ती तर जर्मनीत आहे.

"म्हनून तर नेट पायजे," अप्पा म्हणाले.

मी बॅग घ्यायला उठलो आणि माझी पहिली अडचण उभी राहिली. आमच्याकडे नवमीला माझी हत्यारं पूजेला बसतात, आणि एकदा बसलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघन होईपर्यंत उचलायचं नाही असा दंडक आहे. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, टेस्टर, सगळं झेंडूच्या फुलांखाली झोपलेलं. मी हळूच हात पुढे केला तर मागून सौभाग्यवतींचा आवाज आला. "बॅगेला हात लावायचा नाही. डोकं काही मी पूजेत ठेवलेलं नाही, तेवढं घेऊन जा."

अप्पांच्या घरी पोचलो तर तिथली तयारी बघून थक्क झालो. पुढच्या खोलीत शेजारून मागून आणलेला पाळणा टांगलेला होता. बाळ परदेशात असल्यामुळे पाळण्यात वरवंटा निजवला होता, आणि त्याला टोपडं घालून काजळही लावलं होतं. गल्लीतल्या दहा-बारा बायका जमलेल्या, घुगऱ्यांचं पातेलं तयार. पाळण्याच्या समोर टेबलावर कॉम्प्युटर. पडद्याला झेंडूची माळ, डब्यावर हळदीचं स्वस्तिक, पुढे नारळ, आणि कीबोर्डाच्या बटणांच्या फटीफटीत अक्षता.

चंद्रभागा दारातच उभी होती. ही अप्पांची मुलगी, अमोलची थोरली बहीण. सासर अक्कलकोटचं, आठवा महिना लागला म्हणून माहेरी आली होती. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे या घरात बाईमाणूस म्हणजे तीच. आपल्यात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. अमोलला एकच बहीण, म्हणजे मान हिचा. चंद्रभागेला मात्र या मानाची हौस नव्हती, तिला गरज होती.

तिचं स्वतःचं नाव तिच्या आत्यानं ठेवलेलं. ती आत्या पंढरपूरला दिलेली, तिनं नदीकडे बघून नाव ठेवलं आणि मोकळी झाली. शाळेत पोरांनी चंद्रभागेचं चंदी केलं, आणि घोड्याची चंदी म्हणून हरभऱ्याचे दाणे दप्तरात टाकून तिला रडवलं. कॉलेजात ती सीबी झाली, ऑफिसात मॅडम झाली, आणि ओळखीचे आम्ही सगळे तिला चंदा म्हणायचो. पूर्ण नाव तिनं कुणाला तोंडानं सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. भाचीसाठी तिनं एक दोन अक्षरांचं नाव शोधून ठेवलं होतं. हजेरीत पटकन संपेल आणि ज्याचं कुणाला काही करता येणार नाही असं. ते काय आहे हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, कारण बारशाच्या आधी नाव ओठांवर आणायचं नाही. बरं, स्वतःच्या येणाऱ्या बाळाला तरी ते ठेवावं, तर तो मान तिच्या नणंदेचा. म्हणजे आयुष्यात एक नाव ठेवायची तिची ही एकच पाळी होती.

"मास्तर, न्हाय लागलं नेट तर तिकडं पोरीची मावशी बसलीय कानाशी तोंड घेऊन," चंद्रभागा म्हणाली. "मला हे हुकवायचं न्हाय."

तुम्ही म्हणाल, मोबाईल काय मेले होते का. त्या घरात मोबाईलला रेंज नाही, आणि कंपनीची वायर राउटरशिवाय थेट कॉम्प्युटरात गेलेली, म्हणजे वायफायही नाही. जाड दगडी भिंती आणि समोर उंच इमारत. रेंज मिळते ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं की, आणि गच्चीवर जायला जिना नाही, उभी लोखंडी शिडी आहे; अप्पांनी सकाळचा फोन तीच चढून केला होता. आठव्या महिन्यातली बाई त्या शिडीवर चढवायची कुणाची छाती नव्हती. माझ्या घरी चला म्हटलं, तर वेळ उरला नव्हता आणि पाळणा, वरवंटा, बारा बायका आणि घुगऱ्या कशात घालून न्यायच्या हा प्रश्न होता.

मी पाय धुऊन कॉम्प्युटरसमोर बसलो. मागे वाकून पाहिलं तर कार्डावरचा हिरवा दिवा छान लुकलुकत होता. म्हणजे वायर ठीक, कंपनी ठीक. घरात सून नव्हतीच. तरी पडद्यावर मात्र नेट नाही. मी यंत्राला कार्डांची नावं विचारली, आणि त्यानं सांगितलं, माझ्याकडे ईएनपी फोर एस झिरो आहे. फाइलीत होतं थ्री. कार्ड रात्रीतून तिसऱ्या गल्लीतून चौथ्या गल्लीत राहायला गेलं होतं, आणि अमोलची फाइल तिसऱ्या गल्लीच्या रिकाम्या घराचं दार वाजवत बसली होती.

मी अप्पांकडे वळलो आणि डबा खोलला होता का, असं विचारलं.

"खोलला न्हाय तर पूजा कसली?" अप्पा म्हणाले.

"आणि हे कार्ड?"

"ते काढलं, पुसलं, कुकू लावलं. मग शेजारच्या खाचंत बसवलं."

"शेजारच्या का?"

अप्पांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "एकच खाच किती दिस घासायची, मास्तर? शेजारची मोकळीच बसलीती की. झीज सारकी व्हाया पायजे."

गिरणीतल्या फिटरचं हे गणित चुकीचं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. हलत्या भागांची जागा बदलत राहिलं तर यंत्र जास्त टिकतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. कार्ड हलत नाही, त्यामुळे झिजत नाही, हे त्यांना पटवायचं तर दसरा संपला असता.

उपाय सोपा होता. डबा खोलायचा, एक स्क्रू काढायचा, कार्ड जुन्या खाचेत टाकायचं, चहा प्यायचा. पण माझा स्क्रूड्रायव्हर पूजेत, अप्पांची हत्यारं पूजेत आणि डबाही पूजेत. शेजारच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे सुरी आहे. अप्पांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या घुगऱ्या ढवळायला निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत डबा उघडायचा नाही, हलवायचा नाही, आणि त्यांच्या यादीतलं तिसरं म्हणजे बंदही करायचा नाही. पूजेतलं यंत्र म्हणजे त्यांच्या लेखी तेवता दिवा.

राहिला एकच मार्ग, कार्डाला न हलवता फाइलच दुरुस्त करायची. त्याला अमोलचा पासवर्ड लागतो. तो घ्यायला अप्पांचा फोन खिशात घालून मी नव्या शर्टात ती शिडी चढलो आणि टाकीला पाठ लावून उभा राहिलो. अमोलनं एका हाकेत फोन उचलला. मी कार्डाचं स्थलांतर सांगितलं, तो हसला, आणि पासवर्ड सांगितला. लहान लिपी, मोठी लिपी, मध्येच टिंब, मध्येच आकडा. रेंज येत-जात असल्यामुळे मी प्रत्येक अक्षर ओरडून खात्री करून घेत होतो. त्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांना तो पासवर्ड पाठ झाला असणार.

मग अमोलचा आवाज खाली आला. "मास्तर, एक सांगू का? नेट नाही लागलं तर बरं होईल."

मला वाटलं, रेंज गेली. पुन्हा विचारलं, तर तो तेच म्हणाला. तिकडं म्हणे बाळ झाल्यावर थोड्याच दिवसांत नाव कागदावर द्यावं लागतं, त्याशिवाय दाखला मिळत नाही. ताईला विचारलं तर ती म्हणे बारशाआधी तोंडातून काढणार नाही. शेवटी नोंदणीच्या ऑफिसातल्या बाईंसमोर उभं राहून त्याला काहीतरी लिहून द्यावं लागलं. ते आता दाखल्यावर छापलंय. ताई बारशाला वेगळंच नाव सांगणार आणि मग त्याला सगळ्या बायकांसमोर हे कबूल करावं लागणार. त्यापेक्षा आज नेट लागू नये, मावशीनं कानात सांगून टाकावं, आणि ताईला त्यानं मागाहून सावकाश समजावावं, असा त्याचा बेत होता.

मी विचारलं, काय नाव लिहिलंस.

"चंद्रभागा," तो म्हणाला.

मी टाकीला आणखी टेकलो. एवढ्या मोठ्या जगात याला लिहायला हेच नाव सापडलं होतं. का, असं विचारेपर्यंत रेंज गेली.

खाली पाहिलं तर शिडीच्या पायथ्याशी चंद्रभागा कमरेवर हात ठेवून वर बघत उभी. "दिला का पासवर्ड?" तिनं विचारलं.

आमच्या धंद्यात खोटं बोलणं अवघड नसतं. 'मदरबोर्ड गेला' एवढे दोन शब्द म्हटले की घरातले सगळे माना खाली घालतात, पुढे कुणी एक प्रश्न विचारत नाही. ते दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते, हे मी नाकारत नाही. अमोलची भीती खरी होती. नाव कळलं असतं तर त्या खोलीत सणासुदीला रडारड झाली असती, आणि आठव्या महिन्यात ते कुणाला हवं होतं. पण त्या बाईचा वर वळलेला चेहरा पाहून मला तसं बोलवेना. आणि खरं सांगायचं तर हिरवा दिवा लुकलुकणारं कार्ड बंद ठेवून घरी जायचं, हे माझ्यातल्या मेकॅनिकला सहन होणारं नव्हतं.

"दिला," मी म्हटलं आणि खाली उतरलो.

फाइलीत थ्रीचं फोर केलं असतं तर काम भागलं असतं. पण मला पुढची खंडेनवमी दिसत होती. झीज सारखी करायला अप्पा कार्ड आणखी तिसऱ्याच खाचेत घालणार. म्हणून मी पक्का इलाज करायचं ठरवलं. प्रत्येक कार्डावर कारखान्यातून एक नंबर छापून आलेला असतो, तो कुठल्याही खाचेत गेला तरी बदलत नाही. या नंबराचं कार्ड दिसलं की ते कुठंही बसलेलं असो, त्याला अमुक नावानंच हाक मारायची, असं यंत्राला लिहून देता येतं. नाव आपण ठरवायचं. मी अप्पांचा मान म्हणून 'अप्पा झिरो' असं टाइप केलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

"झिरो कशाला?" अप्पा दुखावले. "येक लिव की."

मी समजावलं की कॉम्प्युटरात मोजणी शून्यापासून होते, पहिल्याला शून्यच म्हणतात.

"म्हंजे पयला आलेला शून्य? गिरनीत आसं केलं आसतं तर संप झाला आसता."

मी निमूटपणे शून्य खोडून एक लिहिला. ते कार्ड आजतागायत 'अप्पा वन' आहे. अप्पांनी ते पुढे दर दसऱ्याला या खाचेतून त्या खाचेत फिरवलं आणि नेट एकदाही बंद पडलं नाही. धंद्याच्या दृष्टीनं पाहिलं तर मी त्या दिवशी एक हक्काचं गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं घालवलं, आणि त्यांच्या घरचा दसऱ्याचा चहाही.

नवं नाव लागू व्हायला यंत्र एकदा बंद करून चालू करणं भाग होतं. हे ऐकताच अप्पा उठून डब्यासमोर उभे राहिले. पूजेतलं यंत्र बंद करायचं नाही म्हणजे नाही. बायकांत कुजबुज झाली. घड्याळाकडे बघत चंद्रभागा पुढे आली.

"अप्पा, पूजा तुमची हाय, भाची माझी हाय," ती म्हणाली. "बाजूला व्हा."

अप्पा बाजूला झाले. मात्र त्यांनी कॉम्प्युटरला हात जोडून क्षमा मागितली आणि मग स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. यंत्र शांत झालं. पुन्हा दाबलं. आदल्या दिवशीची सगळी हळद डब्याच्या पंख्यात जाऊन बसली होती. पंख्यानं जोर धरला आणि मागच्या जाळीतून पिवळा ढग बाहेर आला. मी वायर बघायला नेमका मागेच वाकलो होतो. माझा पांढरा शर्ट आणि अर्धा चेहरा हळदीनं माखला. एका आजींनी शांतपणे पुढे येऊन माझ्या कपाळाला कुंकूही लावलं, म्हणाल्या, अर्धवट राहू नये.

आणि नेट लागलं. पडद्यावर अमोल दिसला, शेजारी बाळाला घेऊन त्याची बायको, मागे ती मावशी. अमोलनं मला हळदकुंकवात पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. तो माझ्या शर्टामुळे पडला नव्हता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

बायकांनी 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत वरवंटा पाळण्याच्या खालून वरून फिरवला. तिकडे बाळाच्या कानाजवळ छोटा स्पीकर धरला. चंद्रभागा खुर्ची पुढे ओढून माइकजवळ वाकली. तिच्या पाठीवर थापट्या मारायला बायका मागे सज्ज झाल्या.

"ताई, थांब," अमोल म्हणाला.

त्यानं मग सगळं सांगितलं. ऑफिस, दाखला, न थांबणाऱ्या बाई. नाव कागदावर आधीच लागलंय, एवढं ऐकूनच चंद्रभागेचा हात माइकवरून खाली आला. अप्पा पाळण्यातल्या वरवंट्याचं टोपडं सारखं करत राहिले.

"काय लिवलंस?" तिनं विचारलं.

"तुझं नाव."

"माझं? हे पुरं?" तिचा आवाज चढला. "ज्या नावानं मला जन्मभर रडवलं ते त्या लेकराच्या गळ्यात घातलंस व्हय? तितल्या लोकांना म्हनता तरी येतंय का?"

"न्हाय येत," अमोल म्हणाला. जर्मनीत एवढी वर्षं राहूनही तो त्या क्षणी पुरता सोलापूरला आला होता. "लई येळा म्हनून दावावं लागलं. मग त्या बाईनं इचारलं, या नावाचा अर्थ काय."

"मग सांगितलंस का, नदी म्हनून?"

"न्हाय. म्हनलं, माझी बहीण."

मी पुन्हा खाली वाकून ठीक असलेली वायर तपासली. वर पाहिलं तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती आणि बायका थापटीसाठी उचललेले हात तसेच हवेत धरून उभ्या होत्या. तिनं शोधून ठेवलेलं दोन अक्षरी नाव काय होतं, ते तिनं नंतरही कुणाला सांगितलं नाही.

ती माइकजवळ वाकली. तिनं लांबलचक कुर्रर्र केलं, आणि मग जे नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं ते पूर्ण, एकेक अक्षर मोकळं सोडून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात उच्चारलं. बायकांनी तिची अवस्था पाहून थापट्या हलक्या हातानं मारल्या. तिकडे बाळ शिंकलं.

"अमोल, तिला कुणी चंदी म्हनायचं न्हाय," ती म्हणाली. "पुरं नाव घ्यायचं."

"व्हय, ताई."

मग ती खुर्चीतून आमच्या सगळ्यांकडे वळली.

"आन् आजपास्नं मलाबी."